बाळाचं औषध ‘रिकॉल’ झालंय म्हणे! अमेरिकेत नव्याने आलेल्या आईबाबांनी काय तपासायचं?

व्हॉट्सॲपच्या गटावर रात्री अकराला एक फोटो येतो: तापाच्या औषधाची बाटली, वर लाल अक्षरात ‘रिकॉल’, म्हणजे कंपनीने औषध परत मागवलंय. तीच बाटली तुमच्या कपाटात असते आणि बाळ नुकतंच तिच्यातला डोस घेऊन झोपलेलं असतं. अशा वेळी बाटली कचऱ्यात टाकू नका. भारतातून आणलेली दुसरी बाटलीही लगेच उघडू नका. मोठ्या चुका नेमक्या याच दोन गोष्टींतून होतात.

मुलांच्या पातळ औषधांचे रिकॉल अनेक कारणांनी होतात. या लेखात फक्त मात्रेच्या घोळाचा विचार केला आहे: मोजायच्या कपावरच्या खुणा चुकलेल्या, सिरिंज किंवा झाकण सदोष, किंवा औषधच ठरल्यापेक्षा तीव्र. अशा घोळात बाटलीतलं औषध बहुतेक वेळा योग्यच असतं, पोटात जाणारं माप चुकतं. म्हणून रिकॉल तपासायचा तर लॉट नंबर पाहून भागत नाही, मात्रेचं गणितही यावं लागतं.

हाताशी काय हवं

- औषधाची बाटली, आणि जपलं असेल तर बाहेरचं खोकं
- बाटलीसोबत आलेला कप, सिरिंज किंवा ड्रॉपर (तोच, दुसरा नाही)
- बाळाचं अलीकडचं वजन, पौंडात आणि किलोत दोन्ही
- शेवटचे दोन-तीन डोस किती वाजता आणि किती मिली दिले याची नोंद; नसेल तर आठवेल तशी आत्ता लिहून काढा
- खरेदीची पावती. नसली तरी अडत नाही
- पॉयझन कंट्रोलचा, म्हणजे विषबाधेबद्दल फोनवर सल्ला देणाऱ्या सेवेचा, क्रमांक: १-८००-२२२-१२२२. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, दुभाषी मागता येतो.

बाळ झोपेतून उठत नसेल, श्वास नीट घेत नसेल, झटके येत असतील, तर हा लेख बाजूला ठेवा आणि ९११ लावा.

१. बाटली वापरणं थांबवा, पण ती जपून ठेवा

लॉट नंबर बाटलीवरच असतो. बाटली गेली की पुरावा गेला, पैसे परत मिळण्याची शक्यता गेली, आणि डॉक्टर विचारतील तेव्हा सांगायला काही उरत नाही. मापाच्या कपाचंही तसंच. कप धुवून इतर कपांत मिसळला की कोणता कप कुठल्या बाटलीचा हे कळणं अशक्य होतं. दोन्ही एका झिपच्या पिशवीत घाला, वर ‘वापरू नये’ असं लिहा आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. घरात आजी-आजोबा आले असतील तर त्यांना तोंडी सांगा, इंग्रजी चिठ्ठीवर विसंबू नका.

२. लेबलवरून पाच गोष्टी उतरवून घ्या

फोटो काढाच, पण हाताने लिहूनही घ्या. छोट्या बाटलीवरचे आकडे फोटोत धूसर येतात.

- औषधाचं पूर्ण नाव, त्यात ‘इन्फंट्स’ आहे की ‘चिल्ड्रन्स’ यासकट
- तीव्रता: किती मिलीत किती मिलिग्रॅम
- लॉट नंबर. भारतात आपण ज्याला बॅच नंबर म्हणतो तोच. बऱ्याचदा लेबलच्या कडेला किंवा बुडाजवळ शाई न वापरता नुसता ठसा उमटवलेला असतो. टॉर्च तिरका धरला की दिसतो.
- एक्स्पायरीची तारीख
- एनडीसी क्रमांक, म्हणजे अमेरिकेतला औषधाचा ओळख क्रमांक: मध्ये दोन आडव्या रेघा असलेला, तीन तुकड्यांचा आकडा. तो नसेल तर बारकोडखालचा आकडा.

ब्रँडचं नाव जुळलं म्हणून आपली बाटली रिकॉलमध्ये आहे असं होत नाही, आणि नाव वेगळं आहे म्हणून ती सुटली असंही नाही. इथे दुकानांच्या स्वतःच्या नावाची औषधं बहुतेक दुसऱ्याच कारखान्यात बनतात, आणि एकच कारखाना तीन दुकानांना माल देतो. ट्रिस फार्मा या कंपनीने बाळांच्या आयबुप्रोफेनचे तीन लॉट नोव्हेंबर २०१८ मध्ये आणि आणखी तीन जानेवारी २०१९ मध्ये परत मागवले. बाटल्यांवर मात्र ट्रिसचं नाव ठळक नव्हतंच. वॉलमार्टमध्ये तेच औषध ‘इक्वेट’ म्हणून विकलं जात होतं, सीव्हीएसमध्ये ‘सीव्हीएस हेल्थ’ म्हणून आणि फॅमिली डॉलरमध्ये ‘फॅमिली वेलनेस’ म्हणून.

३. मूळ नोटीस शोधा आणि ती कोणत्या पातळीची आहे ते वाचा

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या, म्हणजे एफडीएच्या, संकेतस्थळावर रिकॉलचं वेगळं पान आहे. तिथे औषधाचं किंवा कंपनीचं नाव टाकून शोधा. सापडलं नाही तर शोध तिथेच सोडू नका. प्रत्येक रिकॉलची बातमी त्या पानावर येत नाही. काही रिकॉल फक्त दर आठवड्याला निघणाऱ्या ‘एन्फोर्समेंट रिपोर्ट’मध्ये नोंदले जातात. तेही नको असेल तर फार्मसीच्या खिडकीशी जाऊन एनडीसी आणि लॉट नंबर सांगा. फार्मासिस्ट तपासून देतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत.

नोटिशीत दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितलेल्या असतात आणि नवे लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली, वर्ग. वर्ग १ म्हणजे गंभीर इजा किंवा मृत्यूची खरी शक्यता. वर्ग २ म्हणजे तात्पुरता, बरा होणारा त्रास, किंवा गंभीर इजेची शक्यता असली तरी दूरची. वर्ग ३ म्हणजे त्रास होण्याची फारशी शक्यता नाही. वर्ग अनेकदा नोटिशीनंतर काही आठवड्यांनी ठरतो. त्यामुळे नोटिशीत वर्ग दिसला नाही म्हणून प्रकरण किरकोळ समजू नका.

दुसरी, पातळी. माझ्या मते खरा चकवा इथेच आहे. ‘कन्झ्युमर लेव्हल’ लिहिलं असेल तर घरातल्या बाटल्याही परत मागवल्या आहेत. ‘रिटेल लेव्हल’ असेल तर फक्त दुकानांनी माल फळीवरून काढायचा आहे. विकल्या गेलेल्या बाटल्यांचं काय, याबद्दल दुकान तुम्हाला फोन करत नाही. वर सांगितलेला आयबुप्रोफेनचा रिकॉल रिटेल पातळीवरचाच होता. काही बाटल्यांत औषध ठरल्यापेक्षा तीव्र निघालं होतं, आणि तान्ह्या बाळांच्या मूत्रपिंडाला त्याचा धोका संभवतो असं नोटिशीतच म्हटलं होतं. म्हणून ‘रिटेल लेव्हल’ वाचून सुटकेचा नि:श्वास टाकू नका. लॉट जुळला तर बाटली वापरायची नाही, पातळी कोणतीही असो.

भारतातून आणलेली बाटली या यादीत कधीच सापडणार नाही, कारण ती इथल्या बाजारात आलेलीच नाही. तिच्यासाठी भारताच्या केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची, सीडीएससीओची, दर महिन्याला निघणारी निकृष्ट औषधांची यादी पाहावी लागते. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘कोल्ड्रिफ’ खोकल्याच्या सिरपमुळे मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची मुलं दगावली, त्यातल्या कित्येकांवर नागपुरात उपचार चालू होते. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होतं. तो मात्रेचा घोळ नव्हता, आणि तशी बाटली कितीही काटेकोर मोजून दिली तरी काही उपयोग नाही.

४. घोळ नेमका कशात आहे ते ओळखा

नोटिशीत ‘कारण’ म्हणून एक परिच्छेद असतो. पुढे काय करायचं ते त्यावर ठरतं.

कप चुकलेला. जानेवारी २०१६ मध्ये पेरिगो कंपनीने मुलांच्या खोकल्याच्या ग्वायफेनेसिन औषधाच्या काही बॅच परत घेतल्या, कारण काही खोक्यांतल्या कपांवर मात्रेच्या खुणा चुकीच्या छापल्या होत्या. जून २०२० मध्ये मुलांच्या रॉबिटुसिन आणि डिमेटॅपच्या काही लॉटमधल्या कपांवर लहान मात्रेच्या खुणाच नव्हत्या: एकावर ५ आणि १० मिलीची खूण गायब, दुसऱ्यावर १० ची. खूण नसलेल्या कपात माणूस अंदाजाने ओततो, आणि अंदाज सहसा जास्तीच्या बाजूला झुकतो. अशा वेळी ‘दुसऱ्या कपाने मोजून देऊ’ हा मोह आवरा. कप बरोबर असता तरी तान्ह्या बाळासाठी तो चुकीचंच साधन आहे. ५ मिलीच्या आतलं माप रुंद तोंडाच्या कपात नीट कळत नाही.

सिरिंज आणि बाटलीच्या तोंडातलं बूच. बाळांच्या बाटलीच्या तोंडाशी छिद्र असलेलं प्लास्टिकचं बूच असतं. सिरिंज त्यात खोचायची, बाटली उलटी करायची, दट्ट्या ओढायचा. मॅकनील कंपनीने फेब्रुवारी २०१२ मध्ये इन्फंट्स टायलेनॉलच्या (म्हणजे आपल्या पॅरासिटामॉलच्या) सुमारे ५,७४,००० बाटल्या परत मागवल्या, कारण सिरिंज खोचताना हे बूच बाटलीत आत ढकललं जात होतं. बूच आत गेलं तर औषध थेट चमच्यात ओतून काम भागवू नका, बाटलीच बदला.

औषध तीव्र. हा प्रकार डोळ्यांना दिसत नाही. ३० एप्रिल २०१० रोजी मॅकनीलनेच टायलेनॉल, मोट्रिन (म्हणजे आयबुप्रोफेन), झिरटेक आणि बेनाड्रिलची मुलांची चाळीसहून अधिक पातळ औषधं परत मागवली. त्यातल्या काहींत औषधाचं प्रमाण लेबलपेक्षा जास्त असण्याची शक्यता होती. इथे ‘थोडं कमी देऊ’ हा तोडगा चालत नाही, कारण किती कमी हे कोणालाच माहीत नसतं.

रिकॉल नसतानाही घरच्या घरी औषध तीव्र करता येतं, आणि बरेच जण नकळत करतात. ‘सस्पेन्शन’ म्हणजे पाण्यात तरंगणारी पूड. बाटली हलवली नाही की पूड तळाशी बसते. सुरुवातीचे डोस पातळ जातात, ताप उतरत नाही म्हणून तक्रार होते, आणि शेवटचे दोन-तीन डोस दाट जातात. प्रत्येक वेळी बाटली चांगली हलवा.

५. मात्रा मिलीत नाही, मिलिग्रॅममध्ये मोजा

बाटली बदलावी लागली की मिलीचा आकडा बदलतो, आणि भारतातून नव्याने आलेल्या घरांत सर्वात मोठी चूक इथे होते. इथलं ॲसिटामिनोफेन म्हणजेच आपलं पॅरासिटामॉल. नाव वेगळं, औषध तेच. तीव्रता मात्र वेगळी. दर मिलीत किती औषध आहे ते पाहा:

- अमेरिकेतलं ॲसिटामिनोफेन, इन्फंट्स आणि चिल्ड्रन्स दोन्ही: ५ मिलीत १६० मिग्रॅ, म्हणजे १ मिलीत ३२
- भारतातले पॅरासिटामॉल ड्रॉप्स: १ मिलीत १००
- भारतातलं साधं सिरप: ५ मिलीत १२० किंवा १२५, म्हणजे १ मिलीत २४–२५
- भारतातलं ‘२५०’ लिहिलेलं सिरप: १ मिलीत ५०
- अमेरिकेतलं इन्फंट्स आयबुप्रोफेन: १.२५ मिलीत ५०, म्हणजे १ मिलीत ४०
- अमेरिकेतलं चिल्ड्रन्स आयबुप्रोफेन: ५ मिलीत १००, म्हणजे १ मिलीत २०

आता १० किलोचं, म्हणजे २२ पौंडांचं बाळ घ्या. पॅरासिटामॉलची नेहमीची मात्रा दर किलोला १० ते १५ मिग्रॅ, म्हणजे १०० ते १५० मिग्रॅ. इथल्या डॉक्टरांच्या तक्त्यात १८ ते २३ पौंडांसाठी ३.७५ मिली लिहिलेलं असतं. इथल्या बाटलीतून ते १२० मिग्रॅ होतात. ठीक. पण रिकॉलच्या भीतीने इथली बाटली बाजूला ठेवून तेच ३.७५ मिली भारतातल्या ड्रॉप्समधून दिले तर ३७५ मिग्रॅ जातात, तिपटीहून जास्त. उलटं केलं तरी फसगत आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलेले १.२ मिली ड्रॉप्स इथल्या बाटलीतून दिले तर जेमतेम ३८ मिग्रॅ होतात. ताप उतरत नाही, मग दोन तासांत पुन्हा एक डोस, मग आणखी एक.

आयबुप्रोफेनचा खेळ वेगळाच. नावावरून वाटतं की ‘इन्फंट्स’ सौम्य असेल. ते दुप्पट तीव्र असतं, थोड्या थेंबांत काम व्हावं म्हणून. ॲसिटामिनोफेनचंही पूर्वी तसंच होतं. बाळांचे ड्रॉप्स ०.८ मिलीत ८० मिग्रॅ असे यायचे, आणि गोंधळ टाळण्यासाठी कंपन्यांनी २०११ पासून इन्फंट्स आणि चिल्ड्रन्स दोन्हींची तीव्रता एकच केली. जुने तक्ते अजूनही नातेवाइकांकडून फिरत येतात. ‘०.८ मिली’ लिहिलेला तक्ता दिसला की सरळ पुसून टाका.

आणखी काही सापळे:

पौंड आणि किलो. दवाखान्यात ‘ट्वेंटीटू’ सांगितलं ते पौंडांत असतं. तोच आकडा किलो समजून गणित केलं तर मात्रा दुपटीच्या वर जाते.

टीस्पून आणि टेबलस्पून. पहिला ५ मिली, दुसरा १५. घरातल्या चमच्यांना कुठलंच माप नसतं. तीच गोष्ट बोंडल्याची. बाळगुटीला बोंडलं शोभतं, तापाच्या औषधाला नाही. ‘अर्धं झाकण’ हे माप तर घरातून हद्दपारच करा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्येच सांगितलं आहे की पातळ औषध फक्त मिलीत लिहावं आणि मोजावं.

एकाच औषधाची दोन नावं. भारतातल्या ‘कॉम्बिफ्लॅम’ किंवा ‘आयब्युजेसिक प्लस’ सस्पेन्शनच्या ५ मिलीत आयबुप्रोफेन १०० आणि पॅरासिटामॉल १६२.५ मिग्रॅ, दोन्ही असतं. त्यावर टायलेनॉल दिलं की पॅरासिटामॉल दुप्पट. ‘मेफ्टाल-पी’मध्ये मेफेनॅमिक ॲसिड आहे, आयबुप्रोफेनच्याच कुळातलं. त्यावर मोट्रिन नको. इथल्या डॉक्टरांना ही ब्रँडची नावं माहीत नसतात, म्हणून घटकाचं नाव वाचून सांगा.

सर्दी-खोकल्याची सिरपं. मात्रा चुकून त्रास होतो म्हणून अमेरिकेत बाळांची अशी औषधं कंपन्यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये स्वतःहून बाजारातून काढली. चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असं आता लेबलवरच लिहिलेलं असतं. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनच्या मिश्रणाबाबत भारतातही डिसेंबर २०२३ मध्ये तशीच सूचना निघाली. तेव्हा खोकल्याचं औषध रिकॉल झालं तर त्याच्या जागी दुसरं शोधायची गरज बहुतेक नसतेच.

मोजायची रीत थोडक्यात: बाटली हलवा, सिरिंज खोचा, उलटी करून लागतं त्यापेक्षा थोडं जास्त ओढा, बुडबुडे परत ढकला, मग दट्ट्याची टोकाकडची कड नेमक्या खुणेवर आणा. सिरिंज डोळ्यांच्या पातळीला धरा. ०.१ मिलीच्या खुणा असलेली साधी सिरिंज फार्मसीत मागितली की बऱ्याचदा फुकट मिळते. एका औषधाचा ड्रॉपर दुसऱ्याला कधीही वापरू नका. त्यावरच्या खुणा त्या औषधापुरत्याच असतात.

६. डोस आधीच दिला गेला असेल तर

पॉयझन कंट्रोलला फोन करा. त्रास दिसेपर्यंत थांबू नका. पॅरासिटामॉल जास्त झालं तरी पहिल्या दिवशी बाळ अगदी बरं दिसू शकतं. यकृताला झालेली इजा नंतर कळते. त्यावरचा उतारा आठ तासांच्या आत मिळाला तर सर्वात चांगला लागू पडतो. घड्याळ महत्त्वाचं आहे ते यासाठी.

फोनवर या क्रमाने सांगा: बाळाचं वय, वजन (पौंड की किलो ते सांगून), औषधातला घटक, तीव्रता, किती मिली, किती वाजता, आधीच्या चोवीस तासांत किती वेळा. ‘अ लिटिल मोअर’ असं सांगू नका, आकडा सांगा. उलटी करवू नका. पुढचा डोस त्यांनी सांगितल्याशिवाय देऊ नका.

एकदाच थोडं जास्त गेलं असेल तर बहुतेक वेळा घरीच लक्ष ठेवायला सांगतात. दर चार तासांनी जास्तीची मात्रा दोन दिवस जात राहिली असेल तर ती गोष्ट जास्त गंभीर असते, आणि पालक नेमकी तीच सांगायला विसरतात.

बाळ बारा आठवड्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल, तर औषध कोणतं हा प्रश्नच नाही. कुठलंही औषध देण्याआधी डॉक्टरांना फोन. सहा महिन्यांच्या आत आयबुप्रोफेन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. ॲसिटामिनोफेनच्या लेबलवर दोन वर्षांखालच्या बाळाची मात्रा छापलेलीच नसते, ती डॉक्टरांकडून लिहून घ्यावी लागते. पुढच्या भेटीत ती मिलिग्रॅम आणि मिली, दोन्हींत मागा.

७. बाटली परत, पैसे परत, तक्रार

नोटिशीच्या शेवटी कंपनीचा फोन असतो. काही कंपन्या परतीचं पाकीट पाठवतात, काही दुकानात द्या म्हणतात. पावती नसली तरी लॉट नंबर पुरतो असं बऱ्याचदा होतं, तेव्हा विचारून पाहा. नोटिशीत ‘टाकून द्या’ असं लिहिलं असेल तर सिंकमध्ये ओतू नका. फार्मसीतल्या औषध परत घेण्याच्या पेटीत टाका. पेटी जवळ नसेल तर औषध वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यात मिसळा, पिशवी घट्ट बंद करा आणि कचऱ्यात टाका. त्याआधी लॉट नंबरचा फोटो काढून ठेवा.

बाळाला त्रास झाला असेल, किंवा रिकॉल झालेला नसताना तुम्हालाच कपावरच्या खुणा चुकीच्या दिसल्या, तर एफडीएच्या ‘मेडवॉच’कडे कळवा: १-८००-३३२-१०८८. फॉर्म ऑनलाइनही भरता येतो. त्यात लॉट नंबर, एनडीसी आणि कपाचा फोटो घाला. फोटोत नीट खुणा असलेल्या सिरिंजने मोजलेलं ५ मिली पाणी त्याच कपात ओतून दाखवलंत तर फरक लगेच दिसतो.